डायनामोला सांगायचं राहिलं

मी एकदा एका ट्रकच्या बॅटरीला हळदीकुंकू लावलं आणि थोड्याच वेळात तो ट्रक जाळत आणला. ज्वाळा निघाल्या नाहीत, पण धूर असा निघाला की समोरचा पापडवाला शटर ओढून घरी गेला आणि त्या दिवशी परत आलाच नाही.

तेव्हा माझं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. उल्हासनगरला कॅम्पात आमच्या ह्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढे रस्ता, आणि त्या रस्त्यावर जी गाडी येऊन बंद पडेल ती आमची. मी आधी घरी बसून सेल्फच्या, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरच्या, आर्मेचरवर तांब्याची तार भरून द्यायची. मग दुपारचा डबा घेऊन दुकानात जायला लागले, मग डबा रिकामा होईपर्यंत थांबायला लागले, आणि मग थांबलेच. काही महिन्यांतच मला असं वाटायला लागलं की हा धंदा आपल्याला आला. ती पोरगी आज कुठे भेटली तर मी तिला स्टुलावर बसवीन, चहा पाजीन आणि म्हणेन, बाई गं, थोडी कमी हुशार हो.

त्या हुशार पोरीने एक पद्धत काढली होती. बॅटरीला दोन खांब असतात, एक प्लस आणि एक मायनस. ॲसिडच्या पांढऱ्या भुकटीने त्यांवरच्या खुणा खाऊन टाकल्या की कुठला कुठला ते कळत नाही. म्हणून मी प्लसला कुंकू लावायची आणि मायनसला हळद. हे हसले, पण पद्धत चालली. काही गिऱ्हाइकं तर बॅटरीला नमस्कार करूनच गाडीत बसायची.

एके दिवशी बदलापूरजवळच्या चामटोलीचे जोमादादा आपला ट्रक घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी मीठ वाहायला लष्कराच्या लिलावात घेतलेला, विलायती बनावटीचा, लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा ट्रक. हेडलाइटची तक्रार होती. हे कल्याणला सामान आणायला गेले होते. मी बॉनेट उघडलं आणि बघते तर बॅटरीच्या प्लसची वायर थेट गाडीच्या बॉडीला बांधलेली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. गाडीत दिव्याकडे एकच वायर जाते. करंट त्या वायरने जातो आणि परत येतो तो गाडीच्या लोखंडी अंगातून. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. मी तोवर पाहिलेल्या झाडून सगळ्या गाड्यांत मायनस बॉडीला बांधलेला असायचा. तेव्हा मी जोमादादांना सांगितलं, "कुणीतरी गाढवाने तुमची बॅटरी उलटी लावलीय."

जोमादादा म्हणाले, "बाय, ती पयल्यापासून अशीच हाय."

"मग पहिल्यापासून चुकलीय," मी म्हणाले.

हे वाक्य मी अजूनही कधी कधी भाजी चिरताना स्वतःलाच म्हणून दाखवते.

मी बॅटरी फिरवली. मायनस बॉडीला, प्लस गाडीच्या वायरिंगला. कुंकू इकडे, हळद तिकडे. जोमादादांनी सेल्फ मारला आणि ट्रक पहिल्याच सेल्फला चालू झाला. मी हात कमरेवर ठेवून उभी. ट्रक कोपऱ्यापर्यंत गेला, गिअर बदलला, इंजिनाने वेग घेतला आणि बॉनेटच्या फटींतून धूर यायला लागला. जोमादादांनी उडी मारून बॅटरीची वायर उपटली म्हणून गाडी वाचली. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर कटआउट नावाची एक डबी असते. ती वितळून गेली होती आणि मागच्या पत्र्यावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग पडला होता.

हे परत आले. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, जळकी डबी बोटाने उकरली आणि म्हणाले, "सगळ्यांना सांगितलंस, डायनामोला सांगायचं राहिलं."

झालं होतं ते असं. काही जुन्या विलायती गाड्यांत प्लस बॉडीलाच असायचा. त्यात कुणाचं गाढवपण नव्हतं, त्यांची ती रीतच होती. आणि गाडी चालू असताना बॅटरी भरतो तो डायनामो. त्याच्या आतल्या लोखंडाला आपली प्लसची बाजू कुठली हे लक्षात असतं. मी बॅटरी उलटी केली, पण डायनामोच्या डोक्यात जुनंच होतं. दोघे एकमेकांविरुद्ध ढकलायला लागले आणि दोघांच्या मधे बसलेली कटआउटची डबी जळाली.

ह्यांनी ट्रक दुरुस्त करून दिला, प्लस पुन्हा बॉडीला बांधून. जोमादादा गेले ते आमच्या दुकानात परत कधी आले नाहीत. पुढे कुणाकुणाकडून कळायचं की चामटोलीत माझं नाव 'उल्हासनगरची शाणी' असं पडलंय.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं हेच काम केलं आणि शाणपणा बराच उतरला. गिऱ्हाइकांनी उतरवला. एक टेम्पोवाला होता, दर आठवड्याला यायचा: बॅटरी उतरते. मी सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी एका संध्याकाळी त्याच्या केबिनमध्ये डोकावले तर देवाच्या तसबिरीपुढे एक छोटा लाल दिवा अखंड जळत होता. म्हटलं, हा रात्री बंद करत जा. तो दुखावला. म्हणाला, "देवाचा दिवा बंद करायचा?" मी म्हटलं, चावीला जोडून देते, गाडी झोपली की देव झोपतील, गाडी उठली की उठतील. तो विचारात पडला. "विचारून सांगतो," म्हणाला. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला, "चालेल म्हणतात." कुणाला विचारलं हे मी विचारलं नाही. धंद्यात काही गोष्टी विचारायच्या नसतात.

मग हळूहळू पेट्रोलचे ट्रक गेले. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, ते दाबूनच पेटतं. त्यामुळे ज्या कामात माझा हात सगळ्यात चांगला बसला होता ते ठिणगीचं कामच ट्रकांतून नाहीसं झालं. आमच्याकडे त्या ठिणगीलाही करंटच म्हणतात. 'करंट येत नाही' म्हणजे प्लगवर ठिणगी पडत नाही.

आता हे नाहीत. दुकान दुसऱ्याला दिलं. मी बदलापूरला शिरगावात मुलाकडे असते. हत्यारांची एक पेटी तेवढी गॅलरीत आहे. मुलगा तिला आईचं भंगार म्हणतो आणि सून तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवते.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी फोन आला. बाईचा आवाज.

"मावशी, तुम्ही पेट्रोलच्या गाड्यांचं करंटचं काम करायच्या ना? अंबरनाथच्या गॅरेजवाल्याने नंबर दिला. म्हणाला, हे येणारं एकच माणूस उरलंय, पण म्हातारी जरा तिरसट आहे."

"गॅरेजवाल्याचं नाव काय?"

"ते जाऊ द्या ना. गाडी बघायला याल का? चामटोलीला. जुना ट्रक आहे, लांब नाकाचा."

चामटोली ऐकून मी फोन ठेवणारच होते. पण कुतूहल ही मला लहानपणापासूनची खोड आहे. मी कुंडी खाली ठेवली आणि पेटी उघडली.

फोन करणारी सुरेखा, जोमादादांची सून. चाळिशीची, धिप्पाड, बोलायला मोकळी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तोच ट्रक उभा होता, ऑलिव्ह रंगाचा, ताजा रंगवलेला. तिने सांगितलं की जुन्या काळातल्या मालिकांच्या आणि सिनेमांच्या शूटिंगला तो भाड्याने जातो. आणि चालवते ती स्वतः. सासऱ्यांनी शिकवलं.

"ट्रकवाला बाई कशी दाखवणार, म्हणून मला मिशी लावतात," ती म्हणाली. "पागोटं पण. तो गोंद असा खाजतो, मावशी, की शॉट संपेस्तोवर जीव जातो."

"मग अडचण काय?"

"बंद पडतो. कॅमेरा लावेपर्यंत, उजेड बघेपर्यंत इंजिन चालूच ठेवायला सांगतात. उभ्या उभ्या तापतो, गचके खायला लागतो, आणि नेमका ॲक्शन म्हटल्यावर बंद. मागल्या वेळी हिरो निरोप घेताना रडत होता. त्याला तीनदा रडायला लागलं. चौथ्यांदा त्याला रडूच येईना, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले."

शूटिंगवाल्यांच्या मॅनेजरने सांगून टाकलं होतं की पुढच्या वेळी एकदा जरी बंद पडला तरी दुसरा ट्रक बघू. आणि हे ऐकून सुरेखाच्या नवऱ्याने सांगितलं होतं की मग तो शेडमध्ये कशाला ठेवायचा, भंगारात देऊ. भंगारवाला येऊन ट्रकभोवती एक फेरी मारूनही गेला होता.

"ट्रक गेला तर गेला असं सगळे म्हणतात," सुरेखा म्हणाली. "पण मावशी, घरात दिवसभर 'ए सुरेखा, ए सुरेखा' चालतं. तिथं मला 'ट्रकवाले' म्हणतात. 'ट्रकवाले, जरा मागे घ्या.' मी मागे घेते."

मी बॉनेट उघडलं. सगळं इंजिन पुसून लख्ख ठेवलेलं, मधला पत्राही नवा रंगवलेला, फक्त एक पंजाएवढी जागा सोडून. तिथे काळा डाग तसाच होता. माझा हात आपोआप त्यावर गेला. मग लक्षात आलं की शेडच्या दाराशी कुणीतरी उभं आहे, तेव्हा मी धूळ पुसल्यासारखं केलं.

दारात जोमादादा. वाकलेले, हातात काठी, पण डोळे तेच.

"कोन ही?" त्यांनी सुनेला विचारलं.

"बदलापूरच्या मावशी, बाबा. करंटचं बघतात."

"हां. बग, बाय. पन संभालून. येका बाईनं जालली व्हती ही गाडी. उल्लासनगरची. लय शानी."

"हो का," मी म्हटलं. "कशी काय जाळली?"

"ब्याटरीला हलदीकुंकू लावलं तिनं."

"अरे देवा," मी म्हटलं.

माझे केस पांढरे, डोळ्यांवर जाड भिंग, अंग दुप्पट. ओळखायचं काही कारण नव्हतं. आणि ओळख द्यायचंही मला काही कारण दिसलं नाही.

दोष शोधायला वेळ लागला नाही. ठिणगी पाडायचं यंत्र म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याच्या टोपीखाली दोन छोट्या टिकल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. इंजिन फिरतं तशा त्या एकमेकींना चिकटतात आणि सुटतात, चिकटतात आणि सुटतात. दर सुटण्याला कॉइल नावाच्या डब्यातून एक ठिणगी प्लगकडे जाते. म्हणजे गाडी चालते ती ह्या टाळ्यांवर. पण टाळ्या वाजवून हात भाजतात तसे पॉइंट जळतात, त्यांच्यातली फट कमी होते, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर फारच लवकर. मी आयुष्यभर ते काचकागदाने घासले आणि पातळ पट्टीने त्यांची फट लावली. ह्या ट्रकमधलं सगळंच डुगडुगत होतं, आतला दांडासुद्धा. घासून लावले असते तर अर्धा दिवस टिकले असते. शूटिंग दिवसभर चालतं.

"हल्ली नवीन काही येतं का ह्याच्यात?" सुरेखाने विचारलं.

येतं असं ऐकलं होतं. पॉइंट काढून टाकायचे आणि जागी इलेक्ट्रॉनिक डबी बसवायची. मी ती कधी हातातही घेतली नव्हती. "येतं की," मी म्हटलं, इतक्या सहज की जशी मी रोज दोन बसवते. ती जुनी पोरगी पूर्ण गेलेली नाही.

डिस्ट्रिब्युटर काढताना तो कुठे तोंड करून बसलाय त्याची खूण करून घेतली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि भाजीच्या पिशवीत घालून उल्हासनगरला गेले. कॅम्पातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आता मालकाचा मुलगा बसतो. त्याचा बाप आमच्याकडे गाडी आणायचा. त्याने डिस्ट्रिब्युटर हातात घेऊन फिरवून बघितला आणि वरच्या फळीवरून एक पुठ्ठ्याचा डबा काढला.

"अम्मा, हा एकच आहे. कोणी घेतच नाय. पण एक ध्यान में रखना, उलटा जोडला ना, तो खल्लास. एक सेकंदात. फिर भगवान भी चालू नहीं करेगा."

"मला काय शिकवतोस, सेठ? तू जन्मला नव्हतास तेव्हा मी ट्रक जाळलाय."

त्याला वाटलं मी गंमत करतेय.

घरी येऊन डबा उघडला. एक कडं आणि एक काळी डबी, डबीला दोन वायरी, एक लाल आणि एक काळी. कड्यात सहा लोहचुंबक बसवलेले, सहा सिलिंडरना सहा. कडं दांड्यावर बसतं आणि डबी शेजारी. कडं फिरलं की एकेक चुंबक डबीसमोरून जातो आणि डबी ठिणगी सोडते. कुठे काही कशाला टेकत नाही. टाळी हात न लावता. हे मला काही केल्या पटेना.

दुपारी घरात सगळे झोपल्यावर मी इन्व्हर्टरची बॅटरी गॅलरीत ओढली, पेटीतली जुनी कॉइल काढली, प्लग स्टीलच्या डब्याच्या झाकणावर आडवा ठेवला, आणि डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी फिरवला. टिक. निळी, लखलखीत ठिणगी. पॉइंटची ठिणगी पिवळसर असायची, आळशी. मी परत फिरवला. टिक. मग मला बघायचं होतं की डबीला कळतं कसं. कड्याच्या आणि डबीच्या मधे कागद धरला, तरी टिक. पापडाचा तुकडा धरला, तरी टिक. हेअरपिन धरली तेव्हा मात्र ती बावचळली. लोखंड तेवढं तिला कळतं, बाकी जगाशी तिला देणंघेणं नाही. संध्याकाळचा चहा टाकायचा राहून गेला.

आतून सून म्हणाली, "आई, गॅसचा लायटर बिघडलाय का? नुसती टिकटिक येतेय."

"हो," मी म्हटलं, "बघतेय."

डब्यात एक घडी घातलेला कागद होता. तो मी सगळ्यात शेवटी वाचला, भिंग लावून. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: फक्त निगेटिव्ह अर्थसाठी. म्हणजे ज्या गाडीत मायनस बॉडीला आहे तिथेच ही चालेल. आणि जोमादादांच्या ट्रकमध्ये प्लस बॉडीला.

मी गॅलरीत बसून एकटीच हसले. दुकानात फोन केला. सेठ म्हणाला, प्लस अर्थवाली डबी येते, पण बाहेरून मागवावी लागेल, वेळ लागेल. शूटिंग तोंडावर होतं. म्हणजे आता एकच वाट उरली. जे मी त्या वेळी अडाणीपणाने केलं होतं तेच, त्याच ट्रकला, त्याच माणसासमोर, पुन्हा करायचं.

जोमादादा ऐकेनात.

"ब्याटरीला हात लावायचा नाय. प्लस बॉडीला हाय, तशीच रायल."

"दादा, तशी राहिली तर नवी डबी चालणार नाही."

"नाय तर नाय."

"बाबा, मग ट्रकच जाईल," सुरेखा म्हणाली. आवाज चढवून नाही. तिने शेडच्या दाराकडे बघितलं, जिथून भंगारवाला गेला होता.

जोमादादांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "आन जालली तर?"

"जळली तर त्या उल्हासनगरच्या बाईला देता त्या शिव्या मला द्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "चालंल. तिच्याच शिव्या तुला पन पुरतील."

मी बॅटरी काढून बाहेर ठेवली, खांब धुतले. कॉइलच्या वायरींची अदलाबदल केली, डॅशबोर्डवरच्या मीटरच्याही. नाहीतर बॅटरी भरत असताना काटा उतरतेय म्हणून सांगत बसला असता. डिस्ट्रिब्युटर खुणेला खूण लावून बसवला. लाल वायर चावीकडून येणाऱ्या करंटला, काळी कॉइलच्या मायनसला. बॅटरीच्या प्लसला सवयीप्रमाणे कुंकू लावलं. हळद हाताशी नव्हती. मग सुरेखाने जेवायला हाक मारली म्हणून आत गेले. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती, त्यामुळे जरा जास्तच वेळ गेला.

परत येऊन बघते तर बॅटरीच्या दोन्ही खांबांना हळदकुंकू, मधे झेंडूचं फूल, आणि शेजारी काठी टेकून जोमादादा.

"हे कुणी केलं?"

"मी. येकालाच कुंकू लावलं व्हतंस. दुसऱ्यानं काय केलंय?"

बॅटरी दुरुस्त करून घेतलेली, दोन्ही खांब घासून सारखेच झालेले, खुणा नाहीत. मी धुताना ती फिरवलीही होती. पेटीतला करंट तपासायचा मीटर काढला तर त्यातला सेल संपलेला. आणि आता उलटं जोडलं तर एक सेकंद. ती पोरगी असती तर तिने मनाने ठरवून एकाला प्लस म्हटलं असतं.

"सुरेखा, काचेच्या ग्लासात पाणी आण. आणि मूठभर मीठ."

"मीठ कशाला? दृष्ट काढायचीय?"

"तसंच समज."

मिठाच्या पाण्यात मी दोन वायरींची सोललेली टोकं लांब लांब बुडवली आणि दुसरी टोकं बॅटरीच्या दोन्ही खांबांना लावली. एका टोकावर बुडबुड्यांची रांग लागली, सोड्याच्या बाटलीसारखी. दुसरं टोक नुसतंच हिरवट व्हायला लागलं.

"बुडबुडे जिथं जास्त, तो मायनस," मी म्हटलं.

जोमादादा काठीवर भार देऊन खाली वाकले आणि पोराने मासे बघावेत तसे बघत राहिले. "माजा बा मिठागरावर व्हता," ते म्हणाले. "जल्म मिठात गेला. पन ह्ये नाय बगितलं."

हिरव्या टोकाच्या खांबाचं कुंकू ठेवलं, बाकी सगळं पुसलं. मायनस बॉडीला बांधला. आता उरला डायनामो. त्याच्या वायरी सोडवल्या, बॅटरीच्या प्लसवरून एक वायर घेतली आणि त्याच्या फील्डच्या, म्हणजे आतल्या गुंडाळीच्या, स्क्रूला क्षणभर टेकवली. चट्. पुन्हा एकदा. चट्. एवढंच असतं. त्या झटक्याने आतलं लोखंड जुनं विसरतं आणि नवी बाजू लक्षात ठेवतं. ओठांतल्या ओठांत मी त्याला म्हटलं, ऐकलंस ना, आता तू पण इकडचा. मग वायरी परत जोडल्या.

सुरेखा वर बसली. सेल्फ मारला. ट्रक पहिल्याच सेल्फला चालू झाला.

मला आनंद झाला नाही. तेव्हाही तो पहिल्याच सेल्फला चालू झाला होता. मी कटआउटच्या डबीवर तळहात ठेवला, काळ्या डागाच्या अगदी शेजारी. "वाढव," मी सुरेखाला ओरडून सांगितलं. इंजिनाने वेग घेतला. डबी कोमट झाली. मी हात काढला नाही. वर बघितलं तर जोमादादाही डबीकडेच बघत होते. "मीटरचा काटा?" मी विचारलं. "भरतोय, मावशी," सुरेखा म्हणाली. आम्ही दोघे म्हातारे त्या डबीवर डोळे लावून इतका वेळ उभे राहिलो की सुरेखाने शेवटी खाली उतरून विचारलं, काय बघताय एवढं. डबी कोमटच राहिली. वास आला तो फक्त पेट्रोलचा.

शूटिंग अंबरनाथच्या पलीकडे डोंगराखालच्या एका माळावर होतं. मी म्हटलं मी येणार. जोमादादा म्हणाले मग मी पन. मॅनेजर म्हणाला, फ्रेममध्ये म्हातारी माणसं नकोत. तेव्हा सुरेखाने आम्हा दोघांना ट्रकच्या मागे पोत्यांमध्ये बसवलं आणि वरून ताडपत्री ओढली. जाताना मिशी सावरत म्हणाली, "शिंकू नका, एवढंच."

ताडपत्रीखाली उकाडा आणि तागाचा वास. पुढे इंजिन चालू. बाहेर आधी उजेड बदलला, मग कॅमेऱ्याची जागा, मग हिरोची टोपी. इंजिन चालूच. मी तळव्यांनी फळीवरची थरथर मोजत होते. पॉइंट जळायला लागले की तीत एक अडखळ येते. ती येण्याची मी वाट बघत होते आणि ती येत नव्हती. हिरो निरोपाचं बोलायला लागला, विसरला. पुन्हा बोलला, पुन्हा विसरला. मग एकदाचा रडला, अगदी छान रडला. "ॲक्शन ट्रक," कुणीतरी म्हणालं. सुरेखाने गिअर टाकला आणि ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. एक गचका नाही.

लांब जाऊन थांबलो तेव्हाही इंजिन चालूच होतं. बाहेर मॅनेजरचा आवाज आला, "ट्रकवाले, परवा पण याल ना?" आणि सुरेखाचा, मिशीतून, जाडा काढलेला: "येऊ की."

मी अंधारात एकटीच हसत होते. शेजारच्या पोत्याआडून जोमादादा म्हणाले, "तू बॉनेट उघडलंस ना, बाय, आन तुजा हात सरल त्या काल्या डागावर गेला. तवाच वलखलं तुला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. उल्लासनगरची शानी, ह्ये तुज्या तोंडावरच बोललो."

मी ताडपत्रीची कड उचलून जरा वारा घेतला. इंजिन चालत होतं. मग ते म्हणाले, "खरं सांगू? तवा पन तू ह्येच केलं व्हतंस. जरा लवकर केलंस, येवढंच."